होडीत किती बसतात

सोमवार, ५ सप्टेंबर १९७७

ही वही आठवणी जपायला घेतलेली नाही, पुराव्यासाठी घेतली आहे. उद्या काही झालंच तर कोण कधी काय म्हणालं हे माझ्याकडे तारीखवार असायला हवं. हिल्डा म्हणाली, "काय होणार आहे? तू प्लास्टिकची विमानं करतोस, सिरिल, बॉम्ब नाही." माझी ही थोरली बहीण पोस्टात तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाली, पण यान आणि विमान यांतला फरक तिला अजून कळत नाही.

संशयाचं कारण असं. सकाळी म्यूरिएल हॉब्स शेडमध्ये आली. आमच्या 'दूरचे दिवे' या टीव्हीवरच्या अवकाशमालिकेच्या पटकथा तिच्या ताब्यात असतात. लेखकांनी लिहिलेलं आधीच्या भागांशी जुळतं की नाही हे ती पाहते. एरवी काही हवं असलं की ती फोन करते. आज चिखल तुडवत स्वतः आली आणि आत आल्यावर दार लावून घेतलं.

"मिस्टर पास्क, होडीत माणसं किती बसतात?"

"सहा."

"नक्की?"

"फळ्यावर लिहिलंय. चार वर्षं लिहिलेलं आहे."

"हे आपल्यातच राहू द्या," असं म्हणून ती गेली. जे भिंतीवर हातभर अक्षरात लिहिलं आहे ते आपल्यातच काय राहू द्यायचं? कुठेतरी पाणी मुरतंय.

बुधवार, ७ सप्टेंबर

ही वही पुढेमागे कुणा वकिलाच्या हाती पडली तर त्याला कळावं म्हणून फळ्याबद्दल लिहून ठेवतो.

मोठ्या जहाजाचं मॉडेल आवारापलीकडच्या मोठ्या स्टुडिओत आहे. लहान यानं स्लाऊच्या बाहेरच्या या शेडमध्ये मी करतो. फळ्यावर त्यांच्या चार ओळी आहेत. पहिली कुपी: एक माणूस, शवपेटीएवढी जागा, स्वतःचं इंजिन नाही, हवा सहा तासांची. तिच्यात बसून कुठे जाता येत नाही. कुणी शोधून काढेपर्यंत तग धरायचा, एवढंच. दुसरी चिमणी: दोघं जण, बंदुका, वेग म्हणाल तितका, पण इंधन चार तासांचं. वेळेत जहाजाकडे परतली नाही तर संपली. तिसरं खेचर: चालवणारे तिघं, मागे डोंगराएवढा माल ओढतं, पण कुठल्याही ग्रहावर उतरू शकत नाही, उतरलं तर स्वतःच्या वजनाने मोडेल. आणि चौथी होडी: सहा माणसं, नऊ दिवसांची हवा, जमिनीवर उतरते, पुन्हा उडते, पण मंद आणि बिनहत्यारी. चारांपैकी एकालाही या ताऱ्याकडून त्या ताऱ्याकडे जाता येत नाही. ते फक्त मोठ्या जहाजाला जमतं.

लेखकांना हे आवडत नाही. त्यांना चिमणीत अख्खं गाव बसवायचं असतं आणि कुपीतून दुसऱ्या सूर्यावर जायचं असतं. पहिल्या वर्षी एका दिवट्याने चिमणीतून आठ माणसं उतरवली. पुढच्या आठवड्यात एकशे चाळीस पत्रं आली. लेस्टरच्या एका गणिताच्या मास्तरांनी तर टीव्हीच्या पडद्याला पट्टी लावून चिमणीचं दार मोजलं होतं, त्यावरून आतली जागा काढली होती, आणि हिशेब बरोबर होता. दार हेच खरं माप. माणसाच्या उंचीचं दार कुठे आहे ते दिसलं की यान केवढं ते पोरालाही कळतं. तेव्हापासून नियम झाला: कुठल्या यानात किती माणसं हे मी कागदावर सही करून देतो, आणि त्या सहीच्या पुढे निर्माताही जात नाही.

म्हणून म्हणतो, माझ्या सहीवर कुणाचा तरी डोळा आहे.

शुक्रवार, १६ सप्टेंबर

ऑब्री टेनिक जेवायला आला. तो मालिकेत जहाजावरचा म्हातारा डॉक्टर करतो. बारा वर्षांपूर्वी एका पाणबुडीच्या मालिकेत आम्ही बरोबर होतो तेव्हापासून, शूटिंग असलं की दुपारी तो आपला डबा घेऊन शेडमध्ये येतो. नटांच्या कॅन्टीनमध्ये म्हणे फार नट असतात.

आज त्याने दोन पोर्क पाय, म्हणजे डुकराचं मांस भरलेल्या कचोऱ्या, आणले होते. एक मला दिला. माझं सँडविच होतं, तरी आग्रह केला. मग तोंड पुसत सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय रे सिरिल, होडीत किती बसतात?"

माझे कान टवकारले. "का?"

"असंच."

"सहा."

"नक्की सहा?" त्याचा चेहरा पडला. स्पष्ट पडला. तीस वर्षं नटाचं काम केलेला माणूस, पण लपवता आलं नाही.

पोर्क पाय चांगला होता. तरी पुढच्या वेळी घ्यायचा नाही.

गुरुवार, २२ सप्टेंबर

उलगडा झाला. शेवटच्या भागात मोठं जहाज जळणार आहे. हे मला मेकअपच्या बाईकडून कळलं, म्हणजे सगळ्यांना माहीत आहे. जहाजावरचे मुख्य लोक सात. होडीत जागा सहा. म्हणजे एक जण मागे राहणार, मरणार, आणि पुढच्या वर्षी त्याला मालिकेत काम नसणार.

सातांत सगळ्यांत म्हातारा कोण? ऑब्री. आणि होडीत किती बसतात हे विचारत हिंडतोय कोण? ऑब्री.

हिल्डाला सांगितलं. ती म्हणाली, "मग बसव की बिचाऱ्याला दाटीवाटीने. आपण मामाच्या गाडीत आठ जण जायचो."

"मामाच्या गाडीला अवकाशात हवा पुरवावी लागत नव्हती, हिल्डा."

"तुझ्या होडीलाही लागत नाही," ती म्हणाली. बोलण्यात अर्थ नाही.

मंगळवार, २७ सप्टेंबर

करड्या सुटातला एक माणूस आला आणि फीत काढून शेड मोजू लागला. लांबी, रुंदी, खिडक्या, सरकतं मोठं दार. मी विचारलं, "हीटरसाठी आलात का?" चार हिवाळे मी हीटरसाठी अर्ज करतोय. तो जरा घुटमळला आणि म्हणाला, "त्याही गोष्टीचा विचार होईल." अखेर कुणाला तरी माझ्या सांध्यांची दया आली.

हिल्डाला आनंदाने सांगितलं तर ती चहा ओतता ओतता थांबली. "हीटरसाठी दार मोजतात?"

"थंडी कुठून येते? दारातून."

हिल्डा गप्प बसली की मला भीती वाटते, पण आज तिच्या गप्प बसण्यात काही दम नव्हता.

सोमवार, ३ ऑक्टोबर

प्लास्टिकचे पत्रे मागवून तीन आठवडे झाले. स्टोअरवाला वॉल्टर म्हणतो, "वरून सही झालेली नाही." वरून! गेल्या नाताळात त्याने नातवाला अख्खा किल्ला करून दिला होता; तो काय हवेतून आला? मी कपाटातल्या पत्र्यांवर पेन्सिलीने बारीक खुणा करून ठेवल्या आहेत.

विजेच्या तारा जोडणारा नॉर्मन जुलैत सोडून गेला, त्याच्या जागीही कुणी आलेलं नाही. त्याचं मला दुःख नाही. मी एकटा सगळं निभावतो हे त्यांना दिसलेलं आहे.

शुक्रवार, ७ ऑक्टोबर

ऑब्रीने आज मला घरी सोडलं. पाऊस होता हे खरं, पण पाऊस गेल्या वर्षीही होता. बसपर्यंत सोडायचा, आज दारापर्यंत आला. गाडीत म्हणाला, "सिरिल, मी म्हणतो, दहा जणांची होडी का करत नाहीस? नवी, मोठी. तुला हिवाळाभर काम मिळेल."

"मला काम आहे."

"आत्ता काय करतोयस?"

"चिमणीचा डावा पंख रंगवतोय."

"तो तू मे महिन्यातही रंगवत होतास," तो म्हणाला.

मी त्याच्याकडे पाहिलंच नाही. दहा जणांची होडी! म्हणजे सातवी जागा उघड मागायची लाज वाटते म्हणून तिच्या दोन्ही बाजूंना आणखी तीन जागा मांडायच्या. केवढा साळसूद! नवी होडी म्हणजे मला दहा आठवड्यांचं काम. रणगाड्यांच्या आणि आगगाड्यांच्या खेळण्यांचे साठसत्तर संच फोडून त्यांचे बारीक भाग वेचायचे, अंगावर चिकटवायचे, दारं कापायची, आत दहा खुर्च्या. आणि ते सगळं का, तर ऑब्री टेनिकची नोकरी टिकावी म्हणून. लाडीगोडी लावून माझ्याकडून खोटं माप काढून घ्यायचं, दुसरं काय.

उतरताना तो म्हणाला, "सध्या मला फार काही विचारू नकोस. पण यावर विचार कर."

विचार करतोच आहे. विचार करून करूनच तर सगळं दिसायला लागलंय.

बुधवार, १२ ऑक्टोबर

म्यूरिएलने एक नवंच काम दिलं. मी दारं कशी कापतो, गंज कसा रंगवतो, तारेवर यान हलतं तेव्हा तार दिसू नये म्हणून काय करतो, सगळं टप्प्याटप्प्याने लिहून हवं. "संग्रहासाठी," म्हणाली. मला बरं वाटलं, हे कबूल करतो. अठ्ठावन्नाव्या वर्षी कुणीतरी विचारलं. चार पानं लिहिली. तिला म्हटलं, "अजून लिहू?" ती म्हणाली, "नको, दुसऱ्या माणसाला समजेल इतकं पुरे."

कोण दुसरा माणूस? ऑब्री तर नव्हे? हल्ली मी फक्त त्याचाच विचार करतो, हेही लिहून ठेवतो.

गुरुवार, २० ऑक्टोबर

आज जसं झालं तसं लिहितो.

सकाळी शेड उघडली तर होडी जागची हललेली. धुळीत तिचा जुना ठसा दिसत होता आणि ती त्याच्यापासून दोन बोटं सरकली होती. वरचं झाकण नीट बसलेलं नव्हतं. काढून पाहिलं. माझी बोटभर उंचीची सहा माणसं आपापल्या खुर्चीत होती, आणि सातवा एक बाहुला मधल्या वाटेत आडवा कोंबलेला. डोकं एकाच्या मांडीवर, पाय दुसऱ्याच्या गळ्याशी. आणखी तीन बाहुले टेबलावर रांगेत उभे.

ऑब्री साडेबाराला आला. डॉक्टरच्या पांढऱ्या कपड्यातच होता. मी झाकण काढून त्याच्यासमोर ठेवलं.

"हे तू केलंस?"

त्याने आत पाहिलं. "हो. किल्ली वॉल्टरकडून घेतली. मला पाहायचं होतं."

"काय पाहायचं होतं?"

"सात मावतात का ते. मावत नाहीत." हे तो जवळजवळ खुशीत म्हणाला! "बैठकीत सांगता येईल ना, की मी स्वतः करून पाहिलं, मावत नाहीत."

"मला मूर्ख समजतोस? मावत नाहीत म्हणून नवी मोठी होडी, आणि मोठ्या होडीत तू. बारा वर्षं माझ्या टेबलावर जेवलास ते यासाठी?"

त्याचा चेहरा असा झाला, जणू मी त्याला न सांगता पडद्यावरची वाक्यंच बदलून टाकली आहेत.

"तुला असं वाटतं?"

"मला दिसतं."

"सिरिल," तो हळू म्हणाला, "मला एक गोष्ट माहीत आहे, ती मी तुला सांगणार नाही असा शब्द दिलाय. दिला नसता तरी सांगितली नसती, कारण ती कळल्यावर तू तडक निर्मात्याच्या खोलीत जाऊन आरडाओरडा करशील, राजीनामा फेकशील, आणि मग माझ्या हातात काही उरणार नाही. दोन आठवडे दे मला."

"आता धमक्या?"

तो डबा न उघडताच गेला. मी वॉल्टरकडून किल्ली काढून घेतली आणि कपाटाला दुसरं कुलूप लावलं.

हिल्डाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "जी गोष्ट कळल्यावर तू राजीनामा देशील, अशी कुठली गोष्ट असेल, सिरिल?"

मी म्हटलं, "तो नट आहे. नटांना वाक्यं लागतात."

मंगळवार, १ नोव्हेंबर

म्यूरिएल कागद घेऊन आली. मापाचा कागद. होडी, माणसं किती, माझी सही.

ती येण्याआधी ऑब्रीचा फोन आला होता. भांडण झाल्यापासून पहिल्यांदाच. "सिरिल, तिला सही देऊ नकोस. आज देऊ नकोस. गुरुवारी बैठक आहे, तोवर थांब. काहीही सांग, मोजतोय म्हण."

"चार वर्षं मोजलेली होडी मी पुन्हा मोजतोय म्हणू?"

"हो! म्हण ना! माणसं खोटं बोलतात रे कधीकधी, जग बुडत नाही."

मी फोन ठेवला. माझी जी थोडीफार शंका उरली होती, तीही या वाक्याने फिटली.

म्यूरिएलने पेन पुढे केलं, पण लगेच सोडलं नाही. "मिस्टर पास्क, तुमच्या मते नवी मोठी होडी करायची काही गरज नाही?"

"नाही."

"आहे त्या मॉडेलवर भागेल?"

"मिस हॉब्स, सहा माणसं बसतात. सातवा बसत नाही. ज्याला बसायचं आहे त्याचा हेतू मला माहीत आहे. मी तर लिहूनच देतो." आणि दिलं. सहीखाली स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'सध्याचं मॉडेल सर्व प्रकारे पुरेसं आहे. नव्याची कोणतीही आवश्यकता नाही. सिरिल पास्क.'

ती वाचत उभी राहिली. "एकदा विचार करा. मी चहा घेऊन परत येऊ शकते."

"विचार झालाय."

माझी परीक्षा पाहत होती, दुसरं काय. मी डगमगलो नाही. तिने कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. जाताना दाराशी जरा वेळ थांबून तिने सगळी शेड एकदा पाहिली, टेबलं, रंगाचे डबे, छताला टांगलेल्या चिमण्या. चार वर्षांत ती मोजक्या वेळा आली असेल, पण आज पहिल्यांदा तिला ते आवडलेलं दिसलं.

गुरुवार, ३ नोव्हेंबर

बैठक झाली. मला कुणी काही सांगितलं नाही. मी शांत झोपतोय.

सोमवार, ७ नोव्हेंबर

ऑब्री जेवायला आला.

तो आपल्या जागी बसला, डबा उघडला.

"सही दिलीस म्हणे."

"दिली."

"बरं." मग त्याने उकडलेलं अंडं सोललं आणि मीठ मागितलं. मी दिलं. अर्धा तास बसला. जहाजाच्या कप्तानाचं काम करणाऱ्या पोराला संवाद पाठ होत नाहीत, वगैरे बोलला. मी हो-नाही केलं.

आता याला काय हवंय? सही झाली, कागद गेला, होडीत सहाच. इथून आता काही निघण्यासारखं नाही. मग हा येतो कशाला? संध्याकाळपर्यंत डोकं पोखरलं, पण ताळा जुळत नाही.

मंगळवार, १५ नोव्हेंबर

पुन्हा आला. कालही आला होता. मी मुद्दाम विचारलं, "तुझं पुढचं काम ठरलं का?" म्हटलं, बघू कसा गडबडतो. तो म्हणाला, "ठरलंय केव्हाचं." थापा.

पत्रे अजून आलेले नाहीत. हीटरही नाही.

शुक्रवार, २ डिसेंबर

शेड नाताळाला बंद होणार. कायमची.

पत्र सकाळी आलं, माझ्या नावाचं, टंकलेलं, अर्ध्या पानाचं. पुढच्या वर्षी लहान यानांची जुनीच दृश्यं पुन्हा वापरायची, आणि लागलंच काही तर बाहेरून करून घ्यायचं. माझ्या सेवेबद्दल आभार. माझं नाव बरोबर लिहिलेलं होतं.

मी तीनदा वाचलं आणि म्यूरिएलकडे गेलो. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या ऑफिसात बसलो.

"हे कधी ठरलं?"

"ऑगस्टमध्ये बोलणं सुरू झालं, मिस्टर पास्क. पण तेव्हा पक्कं नव्हतं."

"तो माणूस हीटरचा नव्हता."

"नाही."

"ती चार पानं..."

ती खाली पाहू लागली. "तुम्हाला आधी सांगायला हवं होतं, असं मी म्हणत होते. कळल्यावर कामावर परिणाम होईल, असं वरच्यांचं म्हणणं पडलं. मी ऐकलं. ते माझं चुकलं."

मग तिने बाकीचं सांगितलं. शेवटच्या भागासाठी नवी होडी लागली असती तर शेड निदान जूनपर्यंत चालू ठेवावी लागली असती, आणि एकदा चालू राहिली की पुढच्या वर्षीही राहते. म्हणून तीन बैठका ऑब्री नवी होडी मागत होता. जहाजावरचे सहा आणि त्या भागात दिसणारे खाणीतले चार कामगार, असे दहा जण वाचवा, प्रेक्षकांना जास्त आवडेल, असं सांगत होता. दिग्दर्शक जवळजवळ तयार झाला होता.

"आणि ऑब्री स्वतः? अकरावा?" मी विचारलं.

"ऑब्री मागेच राहणार होता. पहिल्यापासून. त्याने ब्रिस्टलच्या नाटक कंपनीशी जूनमध्येच करार केलाय. मला मागे ठेवा, असं त्यानेच सुचवलं. त्याला होडीत जागा नकोच होती, मिस्टर पास्क. किती माणसं वाचतात याच्याशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. होडी मोठी हवी होती, एवढंच."

"आणि गुरुवारी?"

"गुरुवारी मी तुमचा कागद वाचून दाखवला. तो दाखवणं मला भाग होतं."

मग मी जे केलं ते लिहायची लाज वाटते, पण ही वही पुराव्यासाठी आहे. मी म्हटलं, "मिस हॉब्स, माझी चूक झाली. मोजण्यात. होडीत सहा बसत नाहीत. चारच बसतात. आत जो हवेचा साठा आहे त्याला जागा लागते, ती मी धरली नव्हती. नवी होडी करावीच लागेल."

माझा आवाज मलाच ओळखू येईना.

तिचे डोळे भरले होते, की मला तसं वाटलं, ठाऊक नाही.

"मिस्टर पास्क," ती म्हणाली, "कागदावर तुमची सही आहे. तुमच्या सहीवर इथे कुणी शंका घेत नाही."

शनिवार, ३ डिसेंबर

हिल्डाला सांगितलं. वाटलं, म्हणेल, मी सांगत नव्हते का. ती म्हणाली, "जेवून घे." नंतर दिवसभर ती माझ्याशी इतकी गोड वागली की मला घर सोडून जावंसं वाटलं.

मंगळवार, ६ डिसेंबर

आज ऑब्रीचा शेवटचा प्रसंग होता. मी मोठ्या स्टुडिओत गेलो. नटांचं काम चालतं तिथे मी कधी जात नाही. मला तिथे उभं कुठे राहायचं ते कळत नाही.

सेटवर होडीचं दार उभारलं होतं. खऱ्या माणसाच्या उंचीचं, माझ्याच दारावरून मोठं केलेलं, कडेचे खिळेसुद्धा तसेच. सहा जण आत गेले. डॉक्टर बाहेर राहिला आणि म्हणाला, "निघा. मला मोजता येतं." दार बंद झालं. दिग्दर्शकाला पुन्हा हवं होतं. चारदा झालं, आणि चारही वेळा तो एकटा दाराबाहेर राहिला.

मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी त्याला फुलं दिली. तो मला बघून थबकला आणि फुलं तशीच हातात धरून माझ्याकडे आला. चेहऱ्यावर धुराची काजळी फासलेली होती.

"तू? इथे?"

"मला पत्र आलं. म्यूरिएलने सगळं सांगितलं."

"अच्छा."

"मी तुझ्याबद्दल फार वाईट विचार केला, ऑब्री."

"माहीत आहे. तोंडावरच बोललास की."

"मला माफ कर."

त्याने मान हलवली. केलं म्हणून की राहू दे म्हणून, ते कळलं नाही. मग म्हणाला, "मी सांगितलं असतं, तर सही थांबवली असतीस? खरं सांग. सहा म्हणजे सहा, हेच म्हणाला असतास."

"शुक्रवारी मी म्यूरिएलला सांगितलं, होडीत चारच बसतात."

ऑब्री हसायला लागला. इतका हसला की काजळीवर पाण्याचे ओघळ उतरले. "तू? सिरिल पास्क? खोटं माप?" हसता हसता थांबला आणि त्याने माझा दंड धरला. "माझ्यासाठी केलंस?"

हो म्हणणं सोपं होतं. त्याला ते आवडलं असतं.

"नाही," मी म्हटलं. "शेडसाठी. माझ्यासाठी. तुझ्यासाठी मी काहीच केलेलं नाही. बारा वर्षांत काहीच नाही."

त्याने माझा दंड सोडला नाही. मागे लोक सेट मोडायला लागले होते.

"ते मला माहीत होतं," ऑब्री म्हणाला. "तरी मी येत होतो."